आजीच्या टीव्हीची घासाघीस

कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारे आपण टीव्हीचं बिल मात्र दर महिन्याला निमूट भरतो. ते कमी होऊ शकतं. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, की खोटं बोलावं लागत नाही. आधी बिल वाचावं लागतं, मग विचारावं लागतं.

गेल्या महिन्यात आजीचा फोन आला. ‘जेवलीस का’, ‘पाऊस आहे का तिकडे’ वगैरे झाल्यावर ती एकदम म्हणाली, ‘‘अगं, या महिन्यात टीव्हीचे पैसे भरू नकोस. तसंही काही बघण्यासारखं नसतं आजकाल.’’

मला जरा शंका आली. वाईजवळच्या आमच्या गावातल्या घरात आजी एकटी राहते. संध्याकाळी दिवा लावला की ती टीव्ही लावते आणि साडेदहापर्यंत तो चालू असतो. ती मालिका नुसती बघत नाही, त्यातल्या सुनांना सल्ले देते, सासवांना रागावते. लग्नाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी आठ वाजता तिची चुळबूळ सुरू होते. तिला बघण्यासारखं काही नसतं? मग आत्यानं फोडलं, की माझ्या कॉलेजची फी वाढल्याचं आजीच्या कानावर गेलं होतं. आपल्यामुळे दर महिन्याला जाणारे पावणेपाचशे रुपये वाचवायचे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आजीच्या टीव्हीचा रिचार्ज करायचं काम माझ्याकडे. पैसे बाबांचे, अंगठा माझा. ४७२ रुपये, यूपीआय पिन, टिंग. दोन वर्षं हे करतेय. पण हे ४७२ कशाचे, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि ही तीच आजी, जी वाईच्या बाजारात वांगी घेताना तीन पाट्या फिरून येते, चौथीकडे ‘पलीकडे स्वस्त आहेत’ म्हणते आणि वर चार मिरच्या टाकायला लावते!

म्हटलं, चला. आजीसाठी आपण घासाघीस करून बघू.

पहिला फोन : फुल फ्लॉप

मी सरळ कस्टमर केअरला फोन लावला. ‘मराठीसाठी अमुक दाबा’ वगैरे पार करून एक मुलगा लाइनवर आला. मी तयारीत होते, म्हणजे रागात होते. ‘‘एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडून तुम्ही पावणेपाचशे रुपये घेता? लुबाडता तुम्ही लोकांना. कमी करा नाहीतर आम्ही बंद करतो.’’

तो म्हणाला, ‘‘मॅडम, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल क्षमस्व. रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी आलाय, तो सांगाल का?’’

रजिस्टर्ड नंबर बाबांचा. बाबा ऑफिसात, मीटिंगमध्ये. ओटीपी मिळेना. मी आणखी चिडले. त्यानं आणखी दोनदा क्षमस्व म्हटलं. सात मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा बिल होतं तिथंच होतं, आणि माझ्याच वयाच्या एका मुलाला विनाकारण झापल्याचं वाईट वाटत होतं, ते वेगळंच.

माझी एक मैत्रीण वर्षभर खराडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी करत होती. संध्याकाळी कटिंगवर तिला हा किस्सा सांगितला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘‘तू त्याला विचारलंस काय नेमकं?’’

‘‘कमी करा म्हटलं.’’

‘‘काय कमी करा?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण बिलात काय काय आहे, हेच मला माहीत नव्हतं.

बिल उघडा, जादू दिसेल

घरी येऊन कंपनीच्या ॲपमध्ये आजीच्या अकाउंटचा तपशील काढला. ४७२ रुपयांची फोड अशी निघाली : नेटवर्क कपॅसिटी फी १३० रुपये. मराठी-हिंदी फॅमिली पॅक १९२ रुपये. एक स्पोर्ट्स चॅनेल १९ रुपये. भजनं आणि रेसिपी दाखवणारी एक ‘स्पेशल सर्व्हिस’ ५९ रुपये. झाले ४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ रुपये.

आता एकेक बघू. नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे सगळे जिला ‘एनसीएफ’ म्हणतात ती, सिग्नल आपल्या घरापर्यंत आणण्याचं भाडं. हे डीटीएच कंपनीचं किंवा केबलवाल्याचं उत्पन्न. त्यानंतर येतात ते पे चॅनेलचे पैसे. पे चॅनेलची कमाल किंमत चॅनेलचा मालक, म्हणजे ब्रॉडकास्टर ठरवतो. पॅकमध्ये घालायचं चॅनेल असेल तर त्याची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. ही मर्यादा ‘ट्राय’ची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची.

मग आजीच्या गळ्यात हा भलामोठा पॅक कुणी घातला? याचं उत्तर २०१९ मध्ये सापडतं. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. कल्पना साधी होती : जे बघता त्याचेच पैसे भरा, आणि कुठलं चॅनेल हवं ते तुम्हीच निवडा. पण कोट्यवधी लोकांनी काहीच निवडलं नाही. कसं निवडणार? आजीला कुणी विचारलं होतं? अशा ग्राहकांसाठी ट्रायनं कंपन्यांना ‘बेस्ट फिट प्लॅन’ करायला सांगितलं. ग्राहकाची भाषा, त्याची बघण्याची सवय, चॅनेलची लोकप्रियता बघून कंपनीनंच एक पॅक ठरवायचा. नंतर हवा तेव्हा तो बदलायची मोकळीक ग्राहकाला होतीच. पण ज्यानं मुळात निवडलं नाही तो बदलणार तरी कशाला? आमच्या घरी तो पॅक तसाच चालू राहिला. स्पोर्ट्स चॅनेल आजोबांसाठी घेतलं होतं. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली. आणि ती ५९ रुपयांची भजन-रेसिपी सर्व्हिस कुणी, कधी चालू केली, ते घरात कुणालाच सांगता येईना.

मी आजीला फोन केला. ‘‘आजी, तू कुठली कुठली चॅनेल बघतेस?’’ तिनं मालिकांची नावं सांगितली, मी चॅनेल लिहिली. पे चॅनेल निघाली फक्त चार. बातम्या आणि कीर्तनाची तिची चॅनेल फुकटातली, म्हणजे ‘फ्री टू एअर’. तिच्या चार चॅनेलची किंमत प्रत्येकी जास्तीत जास्त १९ रुपये धरली तरी ७६. त्यात एनसीएफचे १३० मिळवले तर २०६. जीएसटीसकट २४३ रुपये.

म्हणजे कुणाशी एक शब्द न बोलता, नको ते काढून टाकलं की ४७२ चे २४३ होत होते. महिन्याला २२९, वर्षाला जवळजवळ पावणेतीन हजार.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. सुटी चॅनेल नेहमीच स्वस्त पडतात असं नाही. ब्रॉडकास्टरला पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. त्यामुळे एकाच कंपनीची पाच-सहा चॅनेल घरात बघत असतील तर त्यांचा छोटा मराठी पॅक परवडू शकतो. दोन्ही हिशेब कागदावर मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

कंपनी आपलं का ऐकेल?

आता खरी घासाघीस. ती कुठं होऊ शकते?

ज्याची किंमत कमी करणं समोरच्याच्या हातात आहे, तिथं. चॅनेलच्या किमतीवरून कस्टमर केअरशी भांडून फारसं काही हाती लागत नाही, कारण त्यातला मोठा वाटा ब्रॉडकास्टरकडे जातो. पण एनसीएफ हे डीटीएच कंपनीचं स्वतःचं. आधी त्यावर ट्रायची कमाल मर्यादा होती : २०० चॅनेलपर्यंत १३० रुपये आणि त्यापेक्षा जास्तीला १६०. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादा काढून टाकली. आता कंपनी एनसीएफ स्वतः ठरवते, आणि वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना ती वेगवेगळी ठेवू शकते. त्याच वेळी कंपन्यांना स्वतःच्या पॅकवर देता येणारी सूट १५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली.

याचे दोन अर्थ होतात. एक, बिल वाढूही शकतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी ते वाचायला हवं. दोन, आता ‘मॅडम, हा सरकारी रेट आहे’ हे उत्तर चालणार नाही. सूट द्यायला जागा आहे.

आणि कंपनीला ती देण्यात रसही आहे. ट्रायच्याच आकड्यांनुसार २०२१ च्या सुरुवातीला देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सात कोटींच्या आसपास होते. २०२५ च्या मार्चमध्ये ते सहा कोटींच्याही खाली आले. कुणी मोबाइलवर गेलं, कुणी फायबरच्या नेटसोबत मिळणाऱ्या ओटीटीवर, कुणी डीडी फ्री डिशवर. अशा वेळी वर्षानुवर्षं न चुकता भरणारा ग्राहक गमावणं कुठल्या कंपनीला परवडेल? गंमत अशी, की हे आजीला माहीत नसतं. कंपनीला मात्र माहीत असतं. जो विचारतो त्याला ऑफर मिळते आणि जो विचारत नाही त्याच्याकडून पूर्ण दर घेतला जातो. विचारत नाहीत ते बहुतेक वेळा आपल्या घरातले मोठे लोक असतात.

हातात दुसरा पर्याय आहे का?

मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना ‘बाटना’ हा शब्द माहीत असेल. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ च्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकातून तो आला. सोप्या मराठीत अर्थ असा : हा सौदा फिसकटला तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? तो दुसरा पर्याय जितका चांगला, तितकं तुमचं बोलणं वजनदार. आजीची ‘पलीकडे स्वस्त आहेत’ म्हणजे बाटनाच की! फरक इतकाच, की ती खरंच तीन पाट्या फिरून आलेली असते.

आजीच्या टीव्हीसाठी पलीकडे काय होतं? पहिला पर्याय डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झाली. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, नंतर महिन्याला शून्य रुपये. सह्याद्री वाहिनी आहेच. पण आजीच्या चार चॅनेलवरच्या रोजच्या मालिकांसाठी तो पर्याय नव्हता. दुसरा पर्याय गावातला केबलवाला. आत्याच्या मुलाला चौकशी करायला पाठवलं. त्याचा रेट साधारण तेवढाच होता, पण बॉक्सचे पैसे वेगळे. तिसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं नवं कनेक्शन, ज्यात पहिले काही महिने सवलत असते.

म्हणजे आमचा बाटना अगदीच पडेल नव्हता, पण दणदणीतही नव्हता. मैत्रिणीनं इथं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाली, ‘‘बंद करतो, बंद करतो म्हणून धमकी देऊ नकोस. डीटीएच प्रीपेड आहे. तू रिचार्ज केला नाहीस की ते आपोआप बंद होतं, त्यासाठी त्याला फोन करायची गरजच नाही. तू फोन केलास म्हणजे तुला चालू ठेवायचंय, हे त्याला कळतं. त्यापेक्षा खरं काय ते सांग.’’

तिनं सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी. फोनवरचा मुलगा ऑफर तयार करत नाही, त्याच्या स्क्रीनवर तुमच्या अकाउंटसमोर जी दिसते तीच तो देऊ शकतो. म्हणून ‘कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्या अकाउंटवर आज कुठल्या ऑफर दिसतायत?’ असं विचारायचं. आणि त्याचा प्रत्येक कॉल मोजला जातो, किती वेळ लागला, ग्राहक खूश झाला का. ‘‘शिव्या खाल्ल्या ना, की आम्ही फक्त स्क्रिप्ट वाचायचो. नीट बोलणाऱ्यासाठी मात्र दोन स्क्रीन जास्तीच्या उघडून बघायचो.’’

दुसरा फोन

या वेळी रविवार निवडला. बाबा शेजारी, त्यांचा फोन हातात. समोर कागद : बिलाची फोड, चार चॅनेलचे नंबर, केबलवाल्याचा रेट. लाइनवर एक मुलगी आली.

‘‘नमस्कार. माझ्या आजीचं कनेक्शन आहे, बरीच वर्षं तुमच्याकडेच आहे. आजी एकटी असते, चारच पे चॅनेल बघते. आधी मला काही गोष्टी काढून टाकायच्यात.’’

ओटीपी वगैरे झालं. भजन-रेसिपी सर्व्हिस बंद. स्पोर्ट्स बंद. फॅमिली पॅकची वेळ आली तशी ती म्हणाली, ‘‘मॅडम, फक्त तीस रुपये जास्त भरून साठ चॅनेल जास्त मिळतात, चालू राहू दे ना?’’

हा सापळा गोड असतो. साठ चॅनेल कुणाला नको असतात? पण न बघितलेलं चॅनेल फुकट मिळालं तरी महागच. मी म्हटलं, ‘‘नको, चारच द्या.’’

आता बिल २४३ वर आलं होतं. मग विचारलं, ‘‘आता सांगा, या अकाउंटवर आज कुठल्या ऑफर दिसतायत? सहा महिन्यांचे एकदम भरले तर काही कमी होतं का? खरं सांगायचं तर गावातला केबलवाला साधारण याच रेटला देतोय. आम्हाला बदलायची हौस नाही, पण आजीला हे परवडायला हवं.’’

दोन मिनिटं होल्डचं संगीत. मग ती परत आली. सहा महिन्यांचे भरले तर एक महिना मोफत. म्हणजे १,४५८ रुपयांत सात महिने. महिन्याला २०८ रुपये.

‘‘आणखी काही?’’ मी विचारलं. खूप संकोचानं, पण विचारलं. ती हसली. ‘‘मॅडम, आता माझ्या स्क्रीनवर एवढंच आहे.’’ ठीक आहे म्हटलं. जिथं थांबायचं ते कळणं हीसुद्धा घासाघीसच.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. ऑफर संपल्यावर दर काय असेल? मध्येच बंद केलं तर उरलेल्या पैशांचं काय? आणि आज ‘ट्रायल’ म्हणून काही चालू केलेलं नाही ना, ज्याचे पुढच्या महिन्यात पैसे कापले जातील? तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर ‘हे सगळं एसएमएसनं पाठवा’ म्हटलं आणि एसएमएस येईपर्यंत फोन ठेवला नाही. शेवटी तिचे मनापासून आभार मानले, आणि फीडबॅकच्या कॉलला चांगले मार्क दिले. मागच्या वेळच्या त्या मुलाचे थोडे तरी फिटले असतील.

रूमवर राहणाऱ्यांनो

तुम्ही म्हणाल, हे आजीचं झालं, आमचं काय? रूमवर चार जण राहत असाल आणि केबल असेल, तर घासाघीस फोनवर नाही, दारात होते. दर महिन्याला येणारा केबलवाला दादा हा कॉल सेंटरपेक्षा वेगळा प्राणी. तो पूर्ण गल्लीला ओळखतो, मॅचच्या दिवशी सिग्नल गेला तर स्वतः गच्चीवर चढतो. एनसीएफमधला सगळा पैसा त्याच्याकडे राहत नाही, वरच्या मोठ्या केबल कंपनीलाही वाटा जातो. त्यामुळे त्याला अर्धे पैसे घे म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. पण पॅक लहान करून मागणं, पावती मागणं, दोन टीव्ही असतील तर दुसऱ्यावर सवलत विचारणं, हे सगळं रास्त आहे. अनेक केबलवाले आता ब्रॉडबँडही देतात. नेट आणि केबल दोन्ही त्याच्याकडूनच घेत असाल तर एकत्र दर विचारा. इथं त्यालाही फायदा असतो, म्हणून तो ऐकतो.

आयपीएलसाठी स्पोर्ट्स चॅनेल घेतलं असेल तर फायनलच्या दुसऱ्या दिवशी ते काढायचा रिमाइंडर आजच लावा. मे महिन्यात सगळे गावी जाणार असाल तर सेवा तात्पुरती थांबवण्याची विनंती आधीच करा. ती पूर्ण महिन्याच्या हिशेबानं थांबते आणि साधारण पंधरा दिवस आधी सांगावं लागतं. रिकाम्या खोलीतल्या बंद टीव्हीचे पैसे कशाला भरायचे?

ओटीटीचंही तेच. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून बघा, कोण कोण तुमच्या खात्यातून दर महिन्याला पैसे उचलतंय ते दिसेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज आपण न वाचता उडवून लावतो. पुढच्या वेळी वाचा, आणि नको असेल तर तिथंच बंद करा. काही वेळा रद्द करायच्या पायरीवर स्वस्त प्लॅनची ऑफर समोर येते, ती बघूनच निर्णय घ्या.

आजी काय म्हणाली?

रिचार्ज झाल्यावर आजीला फोन केला. मोठ्या फुशारकीनं सांगितलं, ‘‘४७२ चे २०८ केले!’’ वाटलं, कौतुक होईल.

आजी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे इतके दिवस दुप्पट घेत होते? आणि कुणी सांगितलं नाही?’’

कोण सांगणार होतं? कंपनी सांगणार नव्हती. बाबा कामात. आणि दर महिन्याला अंगठा लावणारी मी, मला तर ॲप उघडून दोन मिनिटं बघायला दोन वर्षं लागली. त्या बिलाचा राग मला आता कंपनीपेक्षा माझाच जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी तिचा परत फोन. शेजारच्या काकूंचं कार्ड घेऊन बसली होती. ‘‘हिचे साडेपाचशे जातात म्हणे. हिचंही बघ की जरा. आणि हो, आठ वाजायच्या आत सांग, मग मला वेळ नाही.’’

फोन लावण्याआधी

- नंबर गुगलवर शोधू नका. खोट्या कस्टमर केअर नंबरांवरून अनेकांची फसवणूक झाली आहे. नंबर बॉक्सवरून, बिलावरून, अधिकृत ॲपमधून किंवा टीव्हीवर ९९९ नंबरच्या ग्राहकसेवा चॅनेलवरून घ्या.
- रजिस्टर्ड मोबाइल जवळ ठेवा. ओटीपी फक्त तुम्ही स्वतः लावलेल्या अधिकृत नंबरवरच सांगा. यूपीआय पिन कुणालाही नाही, आणि फोनमध्ये कुठलंही ॲप उतरवून घ्यायला सांगितलं तर फोन ठेवा.
- घरातले खरोखर काय बघतात ते आठवडाभर लिहून ठेवा. अंदाजानं आजीचं आवडतं चॅनेल काढलंत तर परिणामांना तुम्ही जबाबदार.
- आधी नको ते काढा, मग सूट मागा. उलटं केलंत तर मोठ्याच पॅकवर थोडी सूट देऊन बोळवण होते.
- दुसरा पर्याय खरंच शोधा आणि खराच सांगा. खोटा रेट सांगितलात आणि समोरच्यानं ‘मग तिकडे जा’ म्हटलं, तर पंचाईत तुमचीच.
- ऑफर कधी संपते ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी पुन्हा फोन.
- न मागितलेलं चॅनेल किंवा सर्व्हिस लावून पैसे कापले तर तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा, आणि तिथंही नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.